61 टक्क्यांचं काय करायचं?

प्रश्न : माझ्या नवऱ्याचं वय 38. 23 दिवसांपूर्वी दुचाकी घसरून डोक्याला मार लागला. दवाखान्यात आणलं तेव्हा शुद्ध किती आहे ते मोजणारा जीसीएस 6 होता आणि एका डोळ्याची बाहुली उजेडाला दाद देत नव्हती, असं कागदांवर लिहिलंय. ऑपरेशन लागलं नाही. सीटी स्कॅन बघून 'फारसं काही नाही' म्हणाले, मग एमआरआयमध्ये 'डिफ्यूज ॲक्झोनल इन्जुरी' आलं. आता व्हेंटिलेटर निघालाय, गळ्यात नळी आहे. चार दिवसांपासून तो डोळे उघडतो, पण बघत कुठेच नाही. पहिल्या रात्रीचे डॉक्टर म्हणाले, फार आशा धरू नका. दुसरे म्हणाले, वय कमी आहे, वेळ द्या. परवा तिसरे म्हणाले, हे असंच राहू शकतं. दिरांनी इंटरनेटवर एका कॅल्क्युलेटरमध्ये सगळं भरलं, तर 'वाईट परिणामाची शक्यता 61 टक्के' असं आलं. तेव्हापासून घरात कोणी नीट जेवलेलं नाही. सासूबाई म्हणतात, त्याला सगळं ऐकू येतं, चमच्याने दोन घोट पाणी तरी द्या. मी नोकरी सोडावी का, हे ठरवायचंय. सात वर्षांची मुलगी रोज विचारते, बाबा कधी बरा होणार. कोणाचं खरं मानू?

उत्तर : ताई,

आधी त्या 61 कडे बघू, कारण सध्या घरातल्या प्रत्येकाच्या छातीवर तोच बसलाय.

दिरांनी वापरलेला कॅल्क्युलेटर बहुधा 'इम्पॅक्ट' किंवा 'क्रॅश' या दोहोंपैकी एक असावा. दोन्ही 2008 सालचे, आणि दोन्हींच्या मागे कष्टाचं काम आहे. इम्पॅक्ट 8,509 रुग्णांच्या नोंदींवरून बांधला गेला, क्रॅश 10,008 रुग्णांच्या. माणसाचं वय किती, चिमटा घेतल्यावर हातपाय कसे हलतात आणि डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसतात का, एवढ्या तीन गोष्टींवरून पहिल्याच दिवशी बरंच काही कळू शकतं, हे त्या कामातून पक्कं झालं. त्याला शरीराचं कारण आहे. बाहुली आकसवणारी नस मेंदूच्या देठातून निघते. मेंदू सुजून तिथे दाब आला की बाहुली दाद देईनाशी होते. हाताची हालचाल म्हणजे मेंदूच्या वरच्या थरापासून खाली देठापर्यंतचा रस्ता किती शाबूत आहे याची खूण. जीसीएसची मोजपट्टी 1974 साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी आणली. डोळे, बोलणं आणि हालचाल यांच्या गुणांची ती बेरीज, 3 ते 15; जितके गुण कमी तितकी शुद्ध कमी. त्या तिघांपैकी पुढचं सगळ्यात जास्त सांगते ती हालचाल. पुढच्या वेळी डॉक्टर भेटले की नुसता जीसीएस विचारू नका, 'त्यातले हालचालीचे किती?' असं विचारा.

तर आकडा खोटा म्हणून फेकून देण्यासारखा नाही. पण तो वाचायचा कसा, हे त्या स्क्रीनवर कोणी समजावून सांगत नाही, आणि मग घरात चूल थंड पडते.

पहिली गोष्ट, हा आकडा पहिल्या दिवसाचा आहे. त्या 61 मध्ये पहिल्या काही दिवसांत दगावलेली माणसंही मोजलेली आहेत. तीव्र मारात बहुतेक मृत्यू सुरुवातीच्या दिवसांत होतात. तुमचे पती तो काळ ओलांडून, व्हेंटिलेटरवरून उतरून, 23व्या दिवशी स्वतःचा श्वास घेतायत. तेव्हा ज्या गर्दीत त्यांची गणना केली, त्या गर्दीत ते आज उरलेले नाहीत. आजच्या दिवशी तोच पहिल्या रात्रीचा जीसीएस भरून भविष्य काढणं म्हणजे परीक्षा संपल्यावर पहिल्या पेपरच्या भीतीने रडण्यासारखं आहे. गणितच चुकतं.

दुसरी गोष्ट त्या 'वाईट' शब्दाची, आणि इथे मला थोडं थांबायचंय, कारण सगळ्यात जास्त घरं याच शब्दावर कोसळताना मी पाहिली आहेत. 1975 साली जेनेट यांनी बाँड यांच्याबरोबर आणखी एक मोजपट्टी काढली : मार लागल्यानंतर माणूस शेवटी कुठे पोचला हे सांगणारी. तिच्यात पाच कप्पे. मृत्यू. डोळे उघडे पण जाण नाही, अशी अवस्था. शुद्धीत आहे पण रोजच्या जगण्याला दुसऱ्याचा आधार लागतो. स्वतःचं स्वतः करतो, एकटा बाहेर जाऊन येतो, पण पूर्वीसारखं काम जमत नाही. आणि शेवटचा, जवळपास पूर्ववत. संशोधनाच्या सोयीसाठी या पाचांचे दोन ढीग करतात. पहिले तीन 'वाईट', शेवटचे दोन 'चांगले'. कॅल्क्युलेटर जे 61 म्हणतो ते या पहिल्या ढिगाबद्दल, आणि तेही सहा महिन्यांच्या टप्प्यावरचं.

म्हणजे बघा, त्या ढिगात गेलेला माणूस आहे, कायम अंथरुणावर असलेला आहे, आणि सहाव्या महिन्यात बायकोला नावाने हाक मारणारा, मुलीबरोबर बसून हसणारा, पण दिवसभर एकटं ठेवता न येणारा माणूसही त्याच ढिगात आहे. सहा महिन्यांनी तुमचे पती त्या तिसऱ्या जागी असले, तर कॅल्क्युलेटरच्या भाषेत तो 'वाईट परिणाम'. तुमच्या मुलीच्या भाषेत? तिला विचारून बघायचीही गरज नाही. दिरांना सांगा, त्याच पानावर मृत्यूची शक्यता बहुतेक वेगळी दिलेली असते. ती वजा करून बघितलं तरी उरलेल्या आकड्यात किती वेगवेगळी आयुष्यं कोंबली आहेत हे लक्षात येईल.

तरीही मी तुम्हाला नुसतं गोड सांगणार नाही. मार गंभीर आहे. 23 दिवस झाले आणि अजून एकही सूचना पाळलेली नाही, ही गोष्ट पहिल्या दिवसाच्या कोणत्याही आकड्याइतकीच वजनदार आहे. जी माणसं पहिल्या आठवड्यात 'अंगठा वर करा' म्हटल्यावर अंगठा वर करतात, त्यांची वाट सोपी असते. तुमची तशी नाही. पण लांबची वाट आणि बंद वाट यांत फरक आहे, आणि आज कोणी 'बंद' म्हणत असेल तर ते घाईचं आहे.

हे मी मनाने म्हणत नाही. अमेरिकेत मेंदूच्या तीव्र आणि मध्यम माराच्या 484 रुग्णांचा वर्षभर मागोवा घेणारा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र मार असलेल्यांपैकी दोन आठवड्यांनी जेमतेम 12 टक्के बऱ्या स्थितीत होते. वर्षअखेरीस तेच प्रमाण 52 टक्क्यांवर गेलं. (या अभ्यासात 'बरी स्थिती'ची रेषा थोडी खाली होती : घरी दिवसातले निदान आठ तास एकटं राहता येणं.) आणि तुमच्यासाठी याहून महत्त्वाचं : दोन आठवड्यांनी ज्यांना कसलीच जाण नव्हती, अशांपैकी वर्षभर माहिती मिळालेल्या 79 जणांतले 62 शुद्धीवर आले. मात्र दिवस कोणता, आपण कुठे आहोत, हे सांगण्याइतके सावरले ते साधारण चारांत एक. दोन्ही आकडे एकत्रच लक्षात ठेवा. पहिला ऐकून पेढे वाटायचे नाहीत, दुसरा ऐकून हातपाय गाळायचे नाहीत.

आता ते तीन डॉक्टर. तुम्हाला वाटतंय, तिघांपैकी एकच खरा असणार. माझ्या मते तिघांनी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. पहिल्या रात्री प्रश्न होता, जगेल का. दुसऱ्यांनी उत्तर दिलं ते जागा होईल का याचं, आणि 38 वय हे तिथे खरंच पतीच्या बाजूने बोलतं. वय हा या सगळ्या गणितांतला मोठा घटक आहे. तिसऱ्यांच्या मनात बहुधा होतं, पूर्वीसारखा होईल का. प्रश्न बदलत गेला, पण तो बदलला हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. तिसऱ्यांचं 'राहू शकतं' हे वाक्य शक्यता म्हणून बरोबरच आहे. ते 'असंच राहणार' असं ऐकू आलं असेल, तर त्यांना परत गाठून विचारा. अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीने 2018 मध्ये डॉक्टरांसाठी नियमावली काढली. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की, शुद्ध न आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांशी पहिल्या 28 दिवसांत बोलताना 'आता काही उपयोग नाही' अशा अर्थाची विधानं टाळावीत. तुम्ही अजून त्या 28 दिवसांच्या आत आहात.

असा नियम करण्याची गरज का पडली, हे तुम्हाला कळायला हवं असं मला वाटतं, जरी ते ऐकायला जड असलं तरी. कॅनडातल्या सहा मोठ्या केंद्रांमधल्या तीव्र माराच्या 720 रुग्णांचा अभ्यास 2011 मध्ये आला. दगावलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के मृत्यू जीवरक्षक उपचार थांबवल्यानंतर झाले होते, आणि त्यांतले निम्मे पहिल्या तीन दिवसांत. म्हणजे वाचणार नाही म्हणून उपचार थांबले, उपचार थांबले म्हणून माणूस गेला, आणि तो गेला म्हणून अंदाज बरोबर ठरला. उपचार थांबवण्याचा निर्णय कधीच घेऊ नये, असं माझं म्हणणं नाही. रुग्णाची स्वतःची इच्छा माहीत असेल, काळ पुरेसा गेला असेल, तर तो निर्णय प्रेमानेही घेतला जातो. तो घाईत, एका आकड्यावरून घेतला जाऊ नये, इतकंच.

सीटीत 'फारसं काही नाही' आणि तरी माणूस जागा का नाही, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो मनात असणारच. सीटीला रक्त आणि हाड चांगलं दिसतं. पण डोकं जोरात गरकन फिरतं तेव्हा मेंदूच्या आत एका भागाला दुसऱ्याशी जोडणारे लाखो बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. डिफ्यूज ॲक्झोनल इन्जुरी म्हणजे हेच. दिवे आणि बटणं जागच्या जागी, भिंतीतल्या वायरी मात्र ठिकठिकाणी दुखावलेल्या. एमआरआयला त्याच्या खुणा दिसतात. त्या मेंदूच्या कडेच्या भागात आहेत, दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या पट्ट्यात आहेत की देठात, हे विचारून घ्या. खोल गेल्या की वाट जास्त बिकट. पण देठात खूण असूनही शुद्धीवर आलेली माणसं आहेत, तेव्हा एमआरआयलाही न्यायाधीश करू नका.

मग खरं मानायचं कोणाचं? पतीचं. म्हणजे त्यांच्या अंगात आठवड्यामागून आठवडा जे बदलतंय त्याचं. पहिल्या दिवसाचा अंदाज जितका जुना होतो तितकी त्याची किंमत कमी होत जाते, आणि बदलाच्या दिशेची वाढत जाते. मागच्या आठवड्यात डोळे मिटलेले होते, या आठवड्यात उघडे आहेत. जाण आली असा याचा अर्थ नाही. डोळे उघडणं म्हणजे झोप-जागेपणाचं चक्र परत सुरू झालं, इतकंच. पण ती पायरी आहेच. पुढची बहुतेकदा येते ती नजर धरण्याची. ती आलेली कळावी म्हणून एक साधी गोष्ट करा. हातातला आरसा त्यांच्या चेहऱ्यासमोर धरा, स्वतःचा चेहरा दिसेल असा, आणि सावकाश डावीकडे, मग उजवीकडे न्या. बोटापेक्षा, पेनापेक्षा माणूस स्वतःच्या चेहऱ्यामागे लवकर नजर फिरवतो, हे तपासून सिद्ध झालंय. नजर आरशामागे गेली, तर जाणिवेचा काही अंश परतलाय, असा त्याचा अर्थ, आणि पुढचा सगळा अंदाज तिथे बदलतो.

एक वही घाला. तारीख, वेळ, काय सांगितलं, काय झालं. सूचना एकच ठेवा, सोपी, आणि तीच चार वेळा द्या, मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबून : 'अंगठा वर कर.' चारपैकी किती वेळा झालं ते लिहा. 'हात दाब' ही सूचना नको. तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप मिटते, आणि मग घरचे हरखतात, डॉक्टर मान हलवतात, आणि दोघांमध्ये उगाच दरी पडते. शक्य असेल तेव्हा मोबाइलवर चित्रण करा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी वेगवेगळ्या वेळी करा, कारण या अवस्थेतला माणूस तासातासाला वेगळा असतो.

खूप वर्षांपूर्वी एक आई मला सांगत होती, मुलगा माझ्याकडे बघतो. आम्ही सकाळच्या राऊंडला तपासायचो, काही मिळायचं नाही, आणि मी मनात म्हणायचे, आईचं काळीज. चौथ्या दिवशी तिने हट्टाने संध्याकाळी बोलावलं. तो बघत होता. सकाळी त्याला गुंगीच्या औषधाचा अंमल असायचा. त्या बाईचे चार दिवस मी वाया घालवले, ही टोचणी अजून आहे. पुढे 2009 मध्ये एका अभ्यासात दिसलं की, नुसत्या रोजच्या निरीक्षणावरून 'जाण नाही' असं ठरवलेल्या 44 रुग्णांपैकी 18 जणांमध्ये, शिस्तशीर तपासल्यावर, जाण होती. त्या शिस्तशीर तपासणीचं नाव 'कोमा रिकव्हरी स्केल – रिव्हाइज्ड'. ती करणारं कोणी तुमच्याकडे आहे का, हे विचारा. आणि एकदा करून थांबू नका, दोन आठवड्यांत निदान पाच वेळा व्हायला हवी.

डॉक्टरांना आणखी एक विचारायचंय, आणि ते भांडणाच्या सुरात नाही : जागं व्हायला काही आडवं येतंय का? गुंगीची किंवा आकडीची औषधं अजून जास्त प्रमाणात चालू आहेत का? अंग न हलता, फक्त मेंदूत चालणाऱ्या आकड्या असतात, त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूतले विजेचे संकेत टिपणारी तपासणी, झालीय का? मेंदूत पाणी साठतंय का, हे बघायला सीटी पुन्हा करायला हवा का? कुठे संसर्ग, ताप, रक्तातल्या क्षारांचा घोळ? यातली प्रत्येक गोष्ट माणसाला आहे त्यापेक्षा जास्त बुडवून ठेवते आणि यातल्या प्रत्येकीवर इलाज आहे. ॲमँटाडीन नावाच्या औषधाबद्दलही विचारा. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 184 रुग्णांवरच्या चाचणीत, मार लागल्यानंतर 4 ते 16 आठवड्यांच्या काळात ते दिलं तेव्हा सुधारणेचा वेग वाढलेला दिसला. सगळ्यांना चालत नाही, पूर्वी आकडी आलेली असेल तर विशेष जपावं लागतं, म्हणून निर्णय त्यांचाच.

सासूबाई म्हणतात त्याला ऐकू येतं. त्यांना गप्प करू नका. 2024 मध्ये, सांगितलेल्या सूचनांना बाहेरून प्रतिसाद न देणाऱ्या 241 रुग्णांचा अभ्यास आला. मेंदूची हालचाल टिपणारी यंत्रं लावून त्यांना सूचना दिल्या, तेव्हा 60 जणांच्या मेंदूने त्या पाळल्या. चारांतला एक. सांगून अंग हलत नव्हतं, आत माणूस होता. तुमचे पती त्यांतले आहेत की नाही, मी सांगू शकत नाही, आणि ही यंत्रं मोजक्या ठिकाणीच आहेत. पण त्यांच्या उशाशी उभं राहून 'हा आता असाच राहणार' असं कोणी बोलू नये, हे मात्र आजपासून पाळा. जे बोलायचं ते खोलीबाहेर. खोलीत त्यांच्याशी बोला, एका वेळी एकाने, आणि मध्ये शांतताही राहू द्या. दिवसभर टीव्ही लावून ठेवल्याने मेंदू जागा होत नाही, थकतो.

कोणी ना कोणी तुम्हाला टेरी वॉलिस यांचा व्हिडिओ पाठवेलच. 1984 साली अपघात, 2003 साली बोलले, 19 वर्षांनी. गोष्ट खरी आहे. पण ती इतकी विरळ आहे म्हणूनच जगभर गाजली, आणि बोलू लागल्यावरही त्यांना शेवटपर्यंत सगळ्याला आधार लागत होता. तिच्यावर घराचं नियोजन करू नका.

नियोजन कशावर करायचं ते सांगते. डॉक्टरांबरोबर वेळ ठरवून, बसून बोला. वॉर्डात चालता चालता नको. 'बरे होतील का' या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नाही, म्हणून तो सोडा. असं विचारा : यातून सगळ्यात चांगलं काय होऊ शकतं, सगळ्यात वाईट काय, आणि तुमच्या मते बहुधा काय? पुढच्या चार आठवड्यांत कोणती खूण दिसली तर तुमचं मत सुधारेल, आणि कोणती नाही दिसली तर बिघडेल? परत कधी बसायचं? शेवटचा प्रश्न विसरू नका. उत्तरं लिहून घ्या, दिरांना बरोबर न्या. ज्याने कॅल्क्युलेटर शोधला तो माणूस धडपड्या आहे, त्याला वहीचं काम द्या.

ते शुद्धीवर आले, तर पुढे एक काळ असा येतो ज्याची कल्पना आधी कोणी देत नाही. माणूस बोलतो, ओळखतो, पण कालचं आज आठवत नाही. नळ्या ओढतो, ओरडतो, कधी शिव्या देतो, तुम्हाला भलतंच कोणीतरी समजतो. घरच्यांना वाटतं बिघडला. बहुतेक वेळा तो वर येण्याच्या वाटेवरचाच टप्पा असतो. मार लागल्यापासून ते आठवणी परत सलग साठू लागेपर्यंत किती दिवस गेले, हा हिशेब पुढच्या आयुष्याबद्दल पहिल्या दिवसाच्या जीसीएसपेक्षा जास्त सांगतो. म्हणून ती तारीखही वहीत हवी. त्यानंतर उरतात ते थकवा, विसराळूपणा, चिडचिड, पुढाकार घेण्याची इच्छाच नसणं. चालता येऊ लागलेला माणूस बाहेरच्यांना 'बरा झाला' वाटतो आणि घरात बायको एकटी पडते. ते आलं की तेव्हा लिहा, आज त्याचं ओझं घेऊ नका. फक्त एवढं ठाऊक असू द्या की, सगळ्यात वेगवान सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते, वर्षभर चांगली चालू राहते, आणि नंतरही, हळू का होईना, थांबतेच असं नाही.

नोकरी सोडू नका. निदान आत्ता नको. तीन महिन्यांनी तुम्हाला आजच्यापेक्षा खूप जास्त माहीत असेल, आणि राजीनामा तेव्हाही देता येतो. दिलेला परत घेता येत नाही. रजा, बिनपगारी रजा, कमी तास, काय मिळेल ते मागा. हाच नियम घर विकणं, गाव बदलणं, कर्ज काढणं यांनाही लावा : परत फिरवता येईल असं आज करा, फिरवता येणार नाही ते पुढे ढकला. आणि रात्री घरी जाऊन झोपा. पहारा वाटून घ्या.

मुलगी. तिला तारीख सांगू नका, कारण ती तारीख ती मोजत बसेल. 'बाबाच्या डोक्याच्या आत लागलंय. तो डोळे उघडतो, पण अजून बोलत नाही. किती बरा होईल ते डॉक्टरांनाही आज माहीत नाही, आणि जे मला कळेल ते मी तुला सांगेन.' एवढं पुरे. सात वर्षांच्या मुलांना मनातून वाटत असतं की आपण हट्ट केला म्हणून हे झालं. तिने विचारलं नाही तरी सांगा, यात तुझा काही दोष नाही. तिला भेटायला न्यायचं असेल तर आधी फोटो दाखवा, गळ्यातली नळी कशासाठी आहे ते सांगा, आणि दारातून परत फिरावंसं वाटलं तर फिरू द्या. नाहीतर तिचा आवाज रेकॉर्ड करून न्या. शाळेत काय झालं ते तिच्या शब्दांत, दोन मिनिटं. तो लावाल तेव्हा ते काय करतात ते वहीत लिहा. ओळखीच्या आवाजाला पहिला प्रतिसाद मिळालेला मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलाय.

तुमची,
सल्लागार

ता. क. : चमच्याने पाणी मात्र अजिबात देऊ नका. पूर्ण जाग नसताना गिळण्याची क्रिया जागेवर नसते, घोट श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. इतकं सावरलेलं माणूस त्याने मागे जातं. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. ती झाली आणि त्यांनी हो म्हटलं की मगच. तोवर सासूबाईंना ओल्या गॉजने ओठ आणि तोंड पुसायचं काम द्या, नर्सकडून एकदा शिकून घेऊन. ते रोज चार वेळा लागतं आणि त्यांच्याइतक्या मायेने दुसरं कोणी करणार नाही.